अनसामावशीचा एकदात्या

आमच्या रेडिओच्या पेटीला वरच्या कडेवर दातांच्या खुणा होत्या. पाहुणे विचारायचे, "उंदीर लागले का हो?" मी म्हणायची, "उंदीर कसले, अनसामावशी!" मग त्यांची तोंडं बघण्यासारखी व्हायची आणि मला ती सगळी हकीकत पुन्हा सांगायला निमित्त मिळायचं. आता ती पेटी कुठे गेली देव जाणे. हकीकत मात्र माझ्यापाशी शाबूत आहे, आणि सांगायचा मला कधीही कंटाळा येत नाही.

दुसरी मोठी लढाई नुकतीच सुरू झाली होती आणि मी लग्न होऊन भोरला आले होते. माझे यजमान भास्करराव. हे नाव त्या काळी मी जीव गेला तरी घेतलं नसतं. आता हटकायला तेही नाहीत, म्हणून खुशाल घेते. घड्याळं, ग्रामोफोन, शिवणयंत्रं, जे बंद पडेल ते भास्करराव उघडून बसत. आमच्या भिंतीला भिंत लागून धोंडिबा सुतारांचं घर होतं. अनसामावशी ही धोंडिबांची बायको. तिचं माहेर वेल्ह्याच्या वर, तोरण्याच्या अंगाला असलेल्या एका वाडीतलं. अंगानं काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि आवाज असा की रानातली गुरं परत फिरावीत.

तिला 'या, बसा' असलं काही लागत नसे. घरात शिरली की आधी झाकणं उघडायची. "ह्यात काय हाय? ही दामटी कशाची? ह्या बरणीला चीर कुनी पाडली?" डब्यांचं झालं की मोर्चा भास्कररावांकडे. त्यांनी घड्याळ उघडून ठेवलेलं असलं की ही त्यावर नाक टेकवून उकिडवी बसायची. "जावईबापू, हे बारकं चाक उलटं का फिरतंय? मोठ्याशी भांडलंय व्हय?" मी तिला मावशी म्हणायची, म्हणून ते जावईबापू. भास्करराव मुलखाचे तापट, पण हिच्यावर ओरडून उपयोग नसे. तिला ऐकूच जायचं नाही.

हे ऐकू न येणं उघडकीला कसं आलं, ते आळीतले लोक पोट धरून सांगत. धोंडिबांचा आवाज मुळातच मऊ. एका वर्षी मावशीच्या मनानं घेतलं की नवऱ्याचा आवाज बसलाय. झालं! ज्येष्ठमध, आलं, हळद घातलेलं दूध, अडुळशाचा काढा, सगळं धोंडिबांच्या घशात. "मला काय झालं न्हाई गं," असं ते बिचारे म्हणत. तेही तिला ऐकू येत नसे, म्हणून ती काढा आणखी कडक करी. शेवटी ती त्यांना वैद्यांकडे घेऊन गेली. वैद्यांनी धोंडिबांचा घसा बघितला, उठून मावशीच्या पाठीमागे गेले आणि टाळी वाजवली. तिनं मान वळवली नाही.

"मालकांचं त्वांड बगून म्या वळखलं," मावशी मला सांगायची. "म्हनलं, अगं बया! आवाज ह्यांचा न्हाई गेला, कान माजं गेलं!" एवढं सांगून ती स्वतःच खदाखदा हसायची.

पण एका गोष्टीचं तिला हसू येत नसे. नीरेवर चार बायका धुणं धुताना काही बोलल्या, हसल्या, की ही विचारायची, "काय म्हनली? काय म्हनली ती?" आणि बायका, कोण ओरडून सांगत बसणार म्हणून, हात हलवून म्हणायच्या, "काही नाही." हे दोन शब्द ती ओठांवरून बरोबर ओळखायची आणि तिचा नुसता जळफळाट व्हायचा. "काय न्हाई म्हंजे? काय न्हाईला कुनी हसतं का गं, शारदे?" ती माझ्याकडे वळून म्हणायची. एकदा पिळे टोपलीत टाकताना ती मला म्हणाली, "भाकर दिली न्हाई तर मागून खाता येती. बोलनं कसं मागायचं? कोन काय बोलतंय येवढं मला कळू दे, दुसरं काय बी नगं." मी त्या वेळी अगदी नवी. मी नुसता तिचा हात धरला.

मग आमच्याकडे रेडिओ आला. आला तो अर्धामुर्धा. पुण्याच्या कुणा गृहस्थाचा पडून फुटलेला सेट भास्कररावांनी आणला, आतलं यंत्र जुळवलं, आणि लाकडी पेटीचा भुगा झाला होता म्हणून सगळं चहाच्या एका खोक्यात बसवलं. खोक्याला पुढून गोल भोक पाडून तिथे स्पीकर, छपरावर कळकाला बांधलेली तार, खाली बॅटरी. ती बॅटरी उतरली की मोटारीतून पुण्याला पाठवायची, भरून आली की पुन्हा मुंबई ऐकायची. आमची ओटी संध्याकाळी माणसांनी भरून जायची.

मावशी पहिल्या रांगेत. ऐकू येत नसलं म्हणून काय झालं, बघायला तर येतं! खोक्याच्या आत उजेड कसला दिसतोय हे बघायला ती त्यावर ओणवी झाली आणि तिची हनुवटी खोक्याच्या कडेला टेकली. टेकली आणि ती एकदम किंचाळून मागे सरकली.

"बया गं! बोलतोय की ह्यो! मानूस बोलतोय!"

लोक हसायला लागले. म्हणाले, मावशी, आम्ही तासभर काय करतोय मग? तिचं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं पुन्हा हनुवटी टेकवली, मग गाल टेकवला, मग सरळ खोक्याची कड दातात धरली आणि डोळे मिटले. भास्करराव पुढे सरसावले होते, खोकं पडेल म्हणून. मी त्यांच्या सदऱ्याला धरून मागे ओढलं. लग्नानंतर चारचौघांत मी त्यांच्या अंगाला हात लावला तो हाच पहिल्यांदा. मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि दातात खोकं होतं. चहाच्या खोक्याचं लाकूड पातळ, आवाजाबरोबर ते सगळं थरथरायचं, आणि ती थरथर तिच्या दातांतून हाडात, हाडातून कुठेतरी आत जिथे ऐकू येतं तिथे पोचत होती. भास्कररावांनी ते पुढे मला समजावून सांगितलं. मावशीनं एका शब्दात सांगितलं, "घुमतंय!"

या शब्दानं मोठा घोटाळा केला. वेल्ह्याच्या बाजाराला निघालेल्या एका गाडीवानाजवळ मावशीनं भावाला निरोप धाडला, "शेजारी एक पेटी घुमाया लागलीया. तिच्याम्होरं बसलं की मला समदं ऐकू येतंय." आता तिकडच्या डोंगरात घुमणं म्हणजे अंगात येणं. देव अंगात आला की ते झाड, म्हणजे तो माणूस, घुमायला लागतो, मग त्याला प्रश्न विचारायचे. बहिरीला ऐकू यायला लागलं म्हणजे देव जागृतच म्हणायचा! तिचा भाऊ हरिबा दोन म्हाताऱ्यांना घेऊन, नारळ, लिंबं, हळदकुंकू अशी तयारी करून आमच्या ओटीवर हजर. त्याची एक गाभण शेळी हरवली होती.

नेमक्या मराठी बातम्या लागल्या होत्या. हरिबानं नारळ ठेवला, खोक्याला लोटांगण घातलं आणि हात जोडून विचारलं, "देवा, माजी शेळी कुठं हाय?" आतून आवाज आला, "शत्रूचं सैन्य डोंगरापलीकडे हटलं आहे." हरिबानं कपाळावर हात मारला. "डोंगरापल्याड! तरी म्या म्हनत हुतो!" म्हाताऱ्यांनी खोक्याला हळदकुंकू वाहिलं. भास्करराव फडकं शोधायला लागले. त्यांच्या स्पीकरच्या कापडात कुंकू चाललं होतं. मावशी खोकं दातात धरून बसली होती, ती हसू अनावर होऊन बाजूला झाली. "आरं ए मुडद्या! शेळीचं न्हाई, लढाईचं सांगतंय ते! गोऱ्यांच्या लढाईचं!" आणि भावाला तिनं सबंध बातमी पहिल्यापासून समजावून सांगितली. किती वर्षांनी कोण जाणे, दुसऱ्याला न कळलेलं बोलणं ती कुणाला तरी सांगत होती. तिची मान अशी ताठ झाली होती! शेळी मात्र डोंगरापलीकडेच सापडली. शेळ्या दुसऱ्या कुठे जाणार?

हळदकुंकवाचा राग भास्कररावांना आला होताच, पण खरा राग त्या घुमण्याचा होता. खोकं घुमे म्हणून शब्द एकात एक मिसळत, गाण्याला भुंग्यासारखी घरघर येई. लोक तक्रार करू लागले. भास्कररावांनी ठरवलं, सागवानी जाड फळ्यांची चांगली पेटी करायची. धोंडिबांनी फळ्या अशा जोडल्या की सांध्यात नख जाऊ नये. पण पुढच्या फळीत स्पीकरची लोखंडी कड बसेल अशी गोल खोबण हवी होती, आणि तिचा तळ सगळीकडून सारख्या खोलीचा. जरा उंचसखल राहिला की कड हलणार आणि खुळखुळणार. धोंडिबांनी पटाशीनं जीव ओतून काम केलं, तरी तळ सपाट होईना. साध्या रंध्याचं पातं वरवर चालतं, ते खोबणीच्या पोटात उतरत नाही. पोटात उतरणारं पातं असलेला रंधा पुण्यात मिळतो, असं भास्कररावांनी ऐकलं होतं.

ठरलं, पुण्याला जाऊन रंधा बघून घ्यायचा. भास्करराव आणि धोंडिबा जाणार हे कळल्यावर मावशी म्हणाली, "मी बी येनार." कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "नवी पेटी व्हायचीय ती माज्यासाटी. हत्यार म्या बगायला नगं?" तिची पक्की समजूत होती की खोक्यात एवढं ऐकू येतं, तर चांगल्या पेटीत याहून चांगलं येईल. आम्हा सगळ्यांचीच ती समजूत होती. आणि ती जाणार म्हणून मी पण गेले. वाटेत शिवऱ्याला मोटार पाणी प्यायला थांबली, तेव्हा मावशी उतरून इंजिनात डोकावत होती. ड्रायव्हरनं तिला हाताला धरून परत आणून बसवलं.

रविवार पेठेतल्या एका हत्यारांच्या दुकानात दुकानदारानं तीन रंधे पुढे ठेवले. एक लखलखीत विलायती, दोन्हीकडे पितळी मुठी. एक लाकडी, पाचर मारून पातं बसवलेला. आणि एक काळा, ओबडधोबड, जड, तेलानं चिकट झालेला. तिन्हींच्या पोटातून एकच पातं दातासारखं खाली आलेलं. धोंडिबा एकेक उचलून बघत आणि खाली ठेवत. त्यांना सगळेच बरे वाटत. तो त्यांचा स्वभावच होता; बाजारात भाजी घेतानाही ते तस्सेच उभे राहत.

"असं बगून कळतंय व्हय?" मावशी म्हणाली. "एक फळी द्या. आन् मालक, तुमी रंधा चालवा."

दुकानातल्या लांब फळीचं एक टोक धोंडिबांनी गुडघ्याखाली दाबलं. दुसरं टोक मावशीनं उचललं आणि दातात धरलं. दुकानदाराचा आ वासला. गिऱ्हाइकं गोळा झाली. मला हसूही येत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही होत होतं. धोंडिबांनी विलायती रंधा चालवला. मावशीनं फळी सोडली. "ह्यो कापत न्हाई, वरबाडतोय. दातात शिरशिरी आली." मग लाकडी चालवला. "ह्याचं पातं ढिलं हाय. मधीच थबकतंय." दुकानदार म्हणाला, "बाई, पातं ठोकून घट्ट करता येतं." ते तिला ऐकू गेलं नाही. तिसऱ्या, काळ्या रंध्याला तिनं बराच वेळ फळी दातात धरली, मग तोंड बाजूला करून वैतागून म्हणाली, "मालक, चालवा की! कवाधरनं वाट बगतीया!"

धोंडिबांनी खाली बोट दाखवलं. त्यांच्या पायाशी ढलप्यांचा ढीग पडला होता.

"ह्यो घ्या," मावशी म्हणाली. "चाललेला कळत न्हाई, त्योच खरा." परतीच्या मोटारीत तो रंधा तिच्या मांडीवर होता आणि तिनं त्याचं नावही ठेवलं होतं, एकदात्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पदर बाजूला करून तो दाखवत होती.

एकदात्यानं खोबणीचा तळ तव्यासारखा सपाट केला. स्पीकरची कड बसली ती जणू तिथेच उगवली होती. पेटी आमच्या ओटीवर आली त्या संध्याकाळी अख्खी आळी जमली. भास्कररावांनी बटण फिरवलं आणि खरं सांगते, इतका स्वच्छ आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. गाणाऱ्या बाईनं श्वास घेतलेला कळत होता. लोक वाहवा करायला लागले. भास्कररावांचा चेहरा फुलून गेला होता.

मावशी नवं लुगडं नेसून आली होती. तिनं पेटीवर हनुवटी टेकवली. मग गाल. मग पेटीची कड दातात धरली, करकचून धरली. मग मागे होऊन म्हणाली, "चालू करा की, जावईबापू."

"मावशी, चालूच आहे," मी हातानं खुणावलं.

तिनं सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना डोलत होत्या. तिनं पुन्हा दात लावले, दुसऱ्या कडेला, मागच्या बाजूला, खाली. शेवटी शेजारी बसलेल्या बाईला हळूच विचारलं, "काय म्हनतंय?" त्या बाईचं सगळं ध्यान गाण्यात. तिनं न बघताच हात हलवला. "काही नाही."

मावशी उठली आणि घरी गेली. झाकणं उघडायला दुसऱ्या दिवशीही आली नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. मला इतका संताप आला होता, आणि तो कुणावर काढावा तेच कळेना. पेटी चांगली झाली म्हणून भांडायचं कुणाशी? भास्करराव डोकं धरून बसले होते. "अगं, आपण घुमणं घालवलं ना," ते म्हणाले. "आवाज सगळा हवेत गेला, लाकडात काही उतरतच नाही. तिला जे ऐकू यायचं ते त्या घरघरीमुळे." मी म्हटलं, मग आणा ते खोकं परत. पण खोकं मीच बंबात घातलं होतं. तिनं निवडलेल्या हत्यारानंच तिचं ऐकणं काढून घेतलं, आणि हे तिला ओरडून तरी कसं सांगायचं?

सांगावं लागलं नाही. धोंडिबांनी एकदात्या हातात घेतला. शिवणीच्या हलक्या लाकडाची एक वीतभर रुंद फळी घेऊन तिच्या कडा जाड ठेवायच्या आणि मधलं लाकूड त्या एका दातानं खरवडत पापडाइतकं पातळ करायचं, असा त्यांनी उद्योग मांडला. पातं जरा खोल गेलं की फळी आरपार. मग दुसरी. पलीकडून दिवसभर तो घासण्याचा आवाज येई. एके दिवशी ते फळी घेऊन आमच्याकडे आले आणि त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "भास्करराव, पेटीच्या कुशीला एक चीर पाडू का?"

त्या पेटीला भास्करराव मला फडकंसुद्धा लावू देत नसत. त्यांनी पेटीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "पाडा."

चिरेतून फळीचं एक टोक आत जाऊन स्पीकरच्या लोखंडाला भिडलं, दुसरं बाहेर राहिलं. पेटीनं जीभ बाहेर काढल्यासारखी दिसायची. मी पलीकडे जाऊन मावशीला अक्षरशः ओढत आणलं. ती येईना. "नगं गं, शारदे, पुन्यांदा नगं," म्हणत होती. तिनं फळी दातात धरली आणि बराच वेळ हलली नाही. मग फळी तशीच दातात धरून तिनं धोंडिबांच्या पाठीत असा एक धपाटा घातला की ते कळवळले. एवढंच. पुढची काही वर्षं आमच्या ओटीवर ती जीभ मावशीच्या मालकीची होती. बातम्या संपल्या की ती लढाई कुठवर आली ते नीरेवरच्या बायकांना सांगायची, त्यांनी विचारलं नाही तरीही.

लढाई संपली, आम्ही पुण्याला आलो. धोंडिबांच्या हाताला कंप सुटला तशी ती दोघं मावशीच्या माहेरच्या वाडीत राहायला गेली. एकदा वेल्ह्याला एका नात्यातल्या लग्नाला गेले होते, तेव्हा हरिबा भेटला. त्याच्याबरोबर मी वाडी चढून गेले. हरिबा वाटेत म्हणाला, "आता पेटीचं बी काय चालायचं न्हाई. तिला कायसुदिक ऐकू येत न्हाई. दात बी गेलं."

घराच्या पुढे आंब्याखाली दोघं समोरासमोर बसली होती. मधे शिवणीची एक लांब फळी. तिचं एक टोक मावशीनं कानामागच्या हाडाला दाबून धरलं होतं, दुसरं धोंडिबांनी स्वतःच्या गळ्याशी लावलं होतं. आणि धोंडिबा बोलत होते. सावकाश, ठासून, रेडिओवरच्या माणसासारखे. "मुंबई. आज गिरगावात लई पाऊस झाला. लाटसायबांच्या गाडीचं चाक चिखलात रुतलं. दोन बैल लावून भाईर काडलं." वाडीत रेडिओ नव्हता. वाडीत वर्तमानपत्रसुद्धा येत नव्हतं. रणरणतं ऊन होतं.

मावशीनं मला पाहिलं. फळी बाजूला ठेवून उठली, माझी पिशवी उघडून आत काय आहे ते बघितलं, आणि मग मला जवळ ओढून घेतलं. माझ्या कानाशी तोंड आणून, आपण अगदी हळू बोलतोय अशा समजुतीनं, पलीकडच्या शिवारात ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "समदं खोटं सांगत्यात गं. मला कळतंय. पर सांगू देत. आवाज तर ह्यांचाच हाय न्हवं!"

धोंडिबांनी ते ऐकलं. ते खाकरले. मावशी पुन्हा समोर येऊन बसेपर्यंत थांबले, फळी गळ्याशी धरली आणि म्हणाले, "आता कापसाचा भाव."